जुलैचं गार पाणी

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
आठ जणांची आमची खोली.
जुलैत तिथे निळा नळ सोडला
तर अंगाला चटका बसतो.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात बसून
रात्री दोनलासुद्धा वाफाळत असते.

पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं.
जनू सुर्वेनं शिकवलं.
"गीझरचं बटण मे महिन्यातच बंद करायचं," म्हणाला,
"आणि अंघोळीला लाल नळ.
भिंतीआड पडून राहिलेलं पाणी
निवतं रे आपोआप.
तापवायचं थांबव फक्त."

तोच जनू,
ज्याच्या कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून
मी सही केली, त्याच्याच पेननं,
आणि वर चहाही मीच पाजला.

एका शुक्रवारी तो गेला.
विमानतळाच्या पार्किंगात त्याची पांढरी सनी सापडली,
काचेवर बोटभर धूळ,
धुळीत कुणा पोरानं काढलेला हसरा चेहरा.
मग त्याचे हप्ते माझ्या पगारातून.
केस मिटेपर्यंत देश सोडायचा नाही:
चार वर्षं, दोन महिने.

गुहागरला अर्ध्या घराच्या स्लॅबमधून
वर आलेल्या सळ्या गंजत राहिल्या.
बायको त्यांना दोरी बांधून
कपडे वाळत घालायची.
पोरगी चालायला शिकली ती फोनच्या काचेत.
शेवटी मी दारात उभा राहिलो
तेव्हा तिनं आधी फोनकडे बघितलं,
मग माझ्याकडे,
मग परत फोनकडे.

मी जनूला रोज शिव्या दिल्या.
दिवा मालवला की, पुटपुटत,
ठरलेल्या क्रमानं, एकही गाळायची नाही.
खालच्या बंकवरचा सजी, कोट्टयमचा,
एकदा अदबीनं म्हणाला,
"तुझी प्रार्थना फार लांब असते."

कुणी सांगितलं, जनू चिपळूणला रिक्षा चालवतो.
कुणी सांगितलं, त्याची बायको गेली,
पळाला त्याच महिन्यात, इस्पितळात.
मी पुढचं विचारलं नाही.
विचारलं असतं
तर शिव्या मध्येच अडखळल्या असत्या.

यंदा लांज्याहून गुरवांचा साहिल आला.
पहिल्याच संध्याकाळी न्हाणीघरातून बोंबलला.
मी बाहेरून ओरडलो,
"लाल नळ सोड, लाल!"
थोडा वेळ काही नाही.
मग आतून एक लांब, सुखाचा सुस्कारा.

केस पुसत बाहेर येऊन म्हणाला,
"उलटंच की सगळं! तुम्हाला कुणी शिकवलं?"
"जनूनं," म्हटलं.

नुसतं नाव.
जीभ सवयीनं थांबून राहिली,
मागून कुणी यायचं राहिलंय का
बघत दार धरून उभं राहावं तशी.
कुणी नव्हतं.
"कोण जनू?" साहिल म्हणाला.
"आमच्यातलाच एक. भात मऊ करायचा.
बोटांनी ताल धरायचा पातेल्यावर."
हेही मला आठवत होतं, अकरा वर्षं,
मला न विचारता.

हप्त्यांची वही अजून बॅगेत आहे.
ती फाडायला मी काही संत नाही,
पैसे ते पैसे.
आणि उद्या जनू समोर उभा राहिला
तर काय बोलेन, देव जाणे.
बहुतेक आधी चहा.
मग वही.
किंवा नुसताच चहा.

त्या रात्री लाल नळाखाली
बादली भरून वाहीपर्यंत बसलो.
बटण कधी बंद झालं,
माझं बोट होतं की आणखी कुणाचं,
कळलं नाही.

दिवा मालवला.
बराच वेळ वाट पाहून
खालून सजी म्हणाला, "आज प्रार्थना नाही?"
"झाली," म्हटलं,
आणि भिंतीकडे तोंड करून
झोपलो.